डोक्याला मार लागला आणि माणूस बदलला: घरच्यांनी काय करायचं

वहिनीच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते करपलेल्या फोडणीमुळे. दादा ओट्याशीच उभा होता. कढईतला लसूण काळा पडून धूर निघत होता आणि याला पत्ताच नाही. "अहो, वास येत नाही का?" तर म्हणे, "कसला?" आम्ही ते हसण्यावारी नेलं. त्याच्या आधी तीन महिने तो पावसात गतिरोधकावर स्कूटरसकट आपटला होता. कपाळाला सात टाके पडले, सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि तिसऱ्या दिवशी तो घरी आला. नंतर हळूहळू घरात दुसराच कुणी वावरायला लागला. कधी आवाज न चढवणारा दादा भाजीवाल्याच्या अंगावर धावून गेला. रात्री दोनला मोबाइलवर काहीबाही मागवायचा, आणि अंघोळीला मात्र तीनदा सांगावं लागायचं.

शेजारी म्हणाले, बाहेरचं आहे. आत्या म्हणाली, गाणगापूरला न्या. आम्ही स्वतःला शहाणे समजणारे, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "आधी काही मोठा आजार, ऑपरेशन?" आम्ही तिघंही एका सुरात म्हणालो, "नाही." आमच्या लेखी तो अपघात टाके निघाले त्याच दिवशी संपला होता. पुढचे चौदा महिने बायपोलरच्या (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य असा मनाचा आजार) गोळ्या चालल्या. चूक एकट्या डॉक्टरांची नव्हती. जी माहिती फक्त आमच्याकडे होती, ती आम्ही दिलीच नाही.

ज्यांच्या घरात असं काही नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, बहीण आहे. आणि मानसिक आजार म्हणजे काही कमीपणा, म्हणून तो शिक्का पुसायचा, असंही मला म्हणायचं नाही. डोक्याला मार लागल्यावर खरंखुरं नैराश्यही येतं, कधी भ्रमही होतात, आणि त्यावर उपचार मानसोपचारतज्ज्ञच करतात. दादा आजही त्यांच्याकडे जातो. फरक एवढाच की आता त्यांना मूळ कारण माहीत आहे, आणि त्यावरून औषध, डोस आणि पुढची अपेक्षा सगळंच बदलतं.

वाचत बसू नका, आधी निघा

डोकेदुखी तासातासाला वाढतेय, पुन्हा पुन्हा उलटी होतेय, माणूस पेंगतोय आणि नीट जागा होत नाही, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय, एका बाजूचा हातपाय लुळा पडतोय, आकडी आली, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळतंय. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. मार कालचा असो की महिन्यापूर्वीचा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पहिली पायरी: तारखा शेजारीशेजारी लिहा

एक कागद घ्या. डावीकडे गेल्या दोनतीन वर्षांत डोक्याला बसलेला प्रत्येक मार, उजवीकडे स्वभावात दिसलेला प्रत्येक बदल, आणि दोन्हींसमोर तारखा. अचूक दिवस आठवत नसेल तर "गणपतीच्या आधी", "दहावीच्या परीक्षेनंतर" असंही चालेल. आमचा कागद दहा मिनिटांत झाला. तेवढ्यासाठी चौदा महिने गेले.

मार म्हणजे फक्त गाडीचा अपघात नव्हे. नारळाच्या झाडावरून, माळ्यावरून किंवा मोरीत पडणं, क्रिकेटचा चेंडू, भांडणात बसलेली काठी, हेही लिहा. दारू पिणाऱ्याचं पडणं कुणी मोजत नाही, त्याचं सगळं खापर दारूवरच फुटतं. आणि घरात मार खाणारी बाई. ती नवऱ्यासमोर, सासूसमोर "पाय घसरला" एवढंच सांगेल. तिला एकटीला विचारा. गळा दाबला होता का, हेही विचारा. मेंदूचं रक्त आणि प्राणवायू तुटल्यानेही इजा होते आणि बाहेर खूण राहीलच असं नाही.

म्हाताऱ्या माणसांचं प्रकरण वेगळं, आणि तिथे थांबायलाच हवं. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे मेंदू आणि कवटीमधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. आजोबा पलंगाच्या कडेला नुसते ठेचकाळले तरी त्यातली एखादी शीर झिरपायला लागते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर जास्तच. झिरपणं इतकं संथ असतं की त्या दिवशी काहीच दिसत नाही. तीनचार आठवड्यांनी आजोबा गोंधळतात, चिडतात, झोपून राहतात, चालताना झोकांडी जाते. घरचे म्हणतात, वय झालं. कुणी म्हणतं, आजी गेल्यापासून मनाला लावून घेतलंय. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे साकळलेलं रक्त दिसतं, आणि बऱ्याचदा कवटीला एकदोन छोटी छिद्रं पाडून ते काढता येतं. वेळेत कळलं तर माणूस पुष्कळदा पूर्वीसारखा होतो. म्हणून वृद्ध माणूस काही आठवड्यांत बदलला असेल तर "म्हातारपण" हा शब्द स्कॅन झाल्यावरच वापरा.

दुसरी पायरी: डिस्चार्ज कार्ड शोधा आणि वाचा

ते बहुधा कपाटात लग्नाच्या पत्रिकांखाली असतं. नसेल तर रुग्णालयाच्या नोंदणी विभागात लेखी अर्ज करून प्रत मागा. फिल्म आणि सीडीसुद्धा. कार्डावर जीसीएस असं लिहून पुढे आकडा असतो. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये आणलेली ही शुद्धीची मोजपट्टी आहे, ३ ते १५. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ आणि खाली गंभीर. दादाचा आकडा १४ होता. "सौम्य" हा शब्द त्या रात्रीच्या शुद्धीपुरता आहे, पुढच्या आयुष्याची हमी तो देत नाही.

कार्डावर सहसा नसणारी एक गोष्ट तुम्हीच काढू शकता. त्याला विचारा: "अपघातानंतर तुला स्वतःला आठवणारी पहिली गोष्ट कुठली? आणि तिथून पुढे सलग आठवतं का?" दुसऱ्यांनी सांगितलेलं नको, स्वतःचं. दादा रुग्णालयात आमच्याशी बोलत होता, चहा बिस्किटं खात होता, पण त्याला सलग आठवतं ते घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे जवळजवळ तीन दिवस कोरे. डोळे उघडे असले, बोलणं चालू असलं तरी आठवणी साठत नव्हत्या. हा कोरा काळ एक दिवसापेक्षा जास्त असेल तर इजा "सौम्य" म्हणून सोडण्यासारखी नाही. आमच्या नंतरच्या न्यूरोलॉजिस्टनी (मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर) सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारला.

आता "सीटी नॉर्मल" याचा अर्थ. सीटीत हाड आणि ताजा रक्तस्राव झटकन दिसतो. आत्ता ऑपरेशन करायचं का, हे ठरवायला ती तपासणी आहे. पण मेंदू असतो खरवसासारखा मऊ. डोकं झटक्यात थांबलं की तो आत पुढेमागे घसरतो, त्यातले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. ते सीटीत दिसत नाहीत. कपाळामागच्या भागाखालचं हाड तर खडबडीत असतं, मेंदूचा पुढचा भाग त्यावर घासला जातो. राग आवरणं, थांबणं, पुढचा विचार करणं, एखादं काम आपणहून सुरू करणं ही सगळी खाती नेमकी तिथे. आणि त्याच्याच खाली, नाकाच्या वर, चाळणीसारखं पातळ हाड आहे. वासाचे धागे त्या भोकांतून वर जातात आणि धक्क्यात तुटतात. करपलेली फोडणी म्हणूनच महत्त्वाची होती. वास जाणं आणि स्वभाव बदलणं ही शेजारची घरं आहेत. घरच्या घरी डोळे मिटून कॉफी, हिंग, साबण हुंगायला द्या. ओळखता आलं नाही तर तसं लिहून ठेवा. सर्दी आणि कोविड मात्र आधी वगळा.

तिसरी पायरी: वही

दोन आठवडे रोज चार ओळी. "चिडचिड करतो" असं लिहू नका. "सकाळी ११, पाहुणे आले, टीव्ही चालू, मुलं ओरडत होती, दहा मिनिटांत ताट भिरकावलं, अर्ध्या तासाने विसरला" असं लिहा. काय घडलं, त्याआधी काय चालू होतं, किती वेळ टिकलं. या गोष्टींवर खास लक्ष ठेवा:

थकवा. सकाळी बरा आणि संध्याकाळी अगदी वेगळा, हे मेंदूच्या इजेत फार दिसतं. गोंगाट आणि झगझगीत उजेड सहन न होणं त्याच्याच जोडीला.

निरिच्छपणा. उदास माणूस आतून दुःखी असतो, विचारलं तर रडतो, स्वतःला दोष देतो. दादा दुःखी नव्हता. "बरं वाटतंय का?" "हो." आणि तीन तास तसाच बसून. सांगितलं की उठायचा. सुरुवात करणारी कळच बिघडलेली होती. दोन्ही एकत्रही असू शकतात, पण डॉक्टरांना हा फरक सांगाच.

कारण नसताना हसू किंवा रडू फुटणं, आणि माणूस नंतर म्हणतो, "मला तसं वाटतच नव्हतं."

क्षणभर हरवणं. अर्धा मिनिट एकटक बघणं, ओठ चावणं, जळक्या रबरासारखा वास येणं, पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखं होणं, मग थोडा वेळ भांबावणं. ही आकडी असू शकते, अंग न झटकणारी. आमच्याकडे याला "ध्यान लागलं" म्हणायचे. जमलं तर मोबाइलवर चित्रण करा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

भास झाले तर कसले? आवाज ऐकू येणं मानसिक आजारात जास्त. आकृत्या दिसणं, वास येणं, तासातासाला शुद्ध कमीजास्त होणं, हे असेल तर मेंदूत, रक्तात काही बिघडलंय का ते शोधायला हवं. पन्नाशीत पहिल्यांदाच असं काही झालं, घराण्यात कुणाला नाही, आधीचा कुठलाही इतिहास नाही, तर तो संशय आणखी वाढतो. आणि मार लागलेलाच नसताना तरुण माणूस दोनतीन आठवड्यांत झपाट्याने बदलला, सोबत आकडी, तोंडाच्या विचित्र हालचाली, ताप असेल, तर मेंदूला आलेली सूज हेही कारण असू शकतं. तिथे वहीसाठी थांबू नका.

चौथी पायरी: कुणाकडे, आणि काय मागायचं

न्यूरोलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघंही. एकाची फाइल दुसऱ्याला दाखवायची, लपवायची नाही. पहिलं वाक्य हेच ठेवा: "अमुक तारखेला डोक्याला मार लागला, त्याआधी हे असे नव्हते." मग कागद पुढे करा. डॉक्टरांकडे सातआठ मिनिटं असतात; कहाणी सुरुवातीपासून सांगत बसलात तर अपघातापर्यंत पोचायच्या आत वेळ संपते.

एमआरआय सांगितला तर "जुन्या बारीक रक्तस्रावाच्या खुणा दिसतील असा, एसडब्ल्यूआयसह करायचा का?" एवढं विचारा. तोही नॉर्मल येऊ शकतो, म्हणून इजा नाहीच असं होत नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, आकडीसाठी. रक्तात सोडियम, थायरॉईड, बी१२. आणखी एक तपासणी बऱ्याच ठिकाणी राहून जाते: मेंदूच्या तळाशी पियुष ग्रंथी असते, तिलाही धक्का बसतो आणि संप्रेरकं (हार्मोन्स) कमी पडतात. सतत थकवा, वजन बदलणं, पाळी थांबणं, कामेच्छा मरणं, हे सगळं नैराश्यासारखंच दिसतं. सकाळच्या कॉर्टिसॉलसह संप्रेरकांची तपासणी करायची का, हे विचारायला लाजू नका.

खरी उकल आमच्या बाबतीत झाली ती न्यूरोसायकॉलॉजीच्या, म्हणजे लक्ष, स्मृती, विचार तपासणाऱ्या चाचणीत. दोनतीन तास लागतात, कधी दोन बैठका. घड्याळ काढणं, आकडे उलटे म्हणणं, एक नियम सोडून दुसऱ्यावर जाणं. ती मागा, कारण शांत केबिनमध्ये दादा अगदी नॉर्मल वाटायचा. चहा कसा करायचा, सगळं क्रमाने सांगायचा. घरी गॅसवर आधण ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहायचा. सांगता येतं पण करता येत नाही, ही पुढच्या भागाच्या इजेची खास खोड आहे, आणि तिच्यामुळे "नाटक करतो" हा आरोप पहिल्यांदा होतो.

मोठ्या शहरांतल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात न्यूरोलॉजी आणि मानसोपचार एकाच आवारात मिळू शकतात. बंगळुरूच्या निम्हान्स या रुग्णालयात न्यूरोसर्जरी, न्यूरोलॉजी, मानसोपचार आणि न्यूरोसायकॉलॉजी एका छताखाली आहेत. दक्षिण महाराष्ट्रातून ते तसं दूर नाही.

देवऋषाबद्दल एवढंच: नवस बोला, अंगारा लावा, कुणाची हरकत नाही. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि आधीच मार लागलेल्या डोक्याला पुन्हा धक्का म्हणजे काय, हे आत्याला समजवायला मला एक अख्खी दुपार लागली.

पाचवी पायरी: गोळ्यांची पिशवी

सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून घेऊन जा, जुन्या पाकिटांसकट. आमच्या पिशवीत लेव्हेटिरॅसिटाम निघालं. आकडी येऊ नये म्हणून अपघातानंतर देतात. आकडी आलेलीच नसेल तर ते सहसा आठवडाभरासाठी असतं. आमच्या मेडिकलवाल्याने दीड वर्ष इमानेइतबारे दिलं. त्याचा एक ओळखीचा दुष्परिणाम म्हणजे चिडचिड आणि आक्रमकपणा! म्हणजे एका गोळीने राग वाढत होता आणि तो दाबायला दुसरी चालू होती. न्यूरोलॉजिस्टनी ती टप्प्याटप्प्याने काढली. स्वतःच्या मनाने मात्र कुठलीच गोळी एकदम बंद करू नका, ही तर मुळीच नको.

बाकी विचारण्यासारखं: इजा झालेला मेंदू औषधांना जास्त हळवा असतो, त्यामुळे थोड्या डोसने सुरुवात, हळू वाढ. हॅलोपेरिडॉलसारख्या भ्रम-भासांवरच्या औषधाने अंग ताठरलं, हात थरथरायला लागले तर कळवा. क्लोझापिन (भ्रम-भासांवरचं), ब्युप्रोपिऑन (नैराश्यावरचं) यांनी आकडीचा धोका वाढतो. झोपेच्या गोळ्यांनी गोंधळ आणि पडणं वाढतं. दारू पूर्ण बंद.

सहावी पायरी: घर

अमेरिकेत व्हरमाँट राज्यात १३ सप्टेंबर १८४८ ला फिनिअस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार कवटी फोडून बाहेर गेली. साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोची. तो जगला, पण मित्र म्हणायचे हा आपला गेज राहिला नाही. मेंदूच्या पुस्तकांत त्याची गोष्ट बहुतेक इथेच संपवतात. पुढे तो दक्षिण अमेरिकेत चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम करत होता. रोज ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेली कामं. वेळापत्रकानेच त्याला सावरलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. (१८६० मध्ये तो वारला तो आकड्या येऊन, म्हणजे इजेनंतर अकरा वर्षांनी. आकडीकडे कायम लक्ष ठेवायचं ते यासाठी.)

तर वेळापत्रक. भिंतीवर, मोठ्या अक्षरांत. एका वेळी एकच सूचना: "अंघोळ कर, मग नाश्ता करून बँकेत जाऊन ये" असं नाही. दुपारी अंधाऱ्या खोलीत अर्धा तास पडणं सक्तीचं. मोबाइलचा गजर लावा. राग चढायला लागला की वाद घालू नका, विषय बदला, टीव्ही बंद करा, खोलीतली माणसं कमी करा. वास येत नसेल तर गॅसगळतीचा अलार्म बसवाच, आणि शिळं अन्न दुसऱ्याने तपासावं. यूपीआयची मर्यादा कमी करून घ्या, मोबाइलवरून कर्ज देणारी ॲप्स काढून टाका. आमचं त्यात बरंच गेलं. दुचाकीची किल्ली डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत वहिनीच्या कमरेला.

मुलांना सांगताना आम्ही "बाबांच्या मेंदूला मुका मार लागलाय" असं म्हटलं. ते त्यांना कळलं. मोठ्यांना कळायला जास्त वेळ लागला.

सातवी पायरी: कागद

पोलिसात नोंद झाली असेल तर एफआयआरची प्रत काढा. मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज करायला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे, आणि स्वभावातला बदल पुष्कळदा तेव्हाच कुठे ध्यानात येऊ लागतो. म्हणून वकिलाला लवकर भेटा. मुदत उलटली असली तरी भेटा. समोरच्याशी "टाक्यांचा खर्च घ्या आणि सही करा" अशी तडजोड घाईने करू नका. न्यूरोसायकॉलॉजीचा अहवाल दाव्याला जोडा, नाहीतर कागदावर फक्त सात टाके दिसतात.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि त्यांत डोक्याची इजा असं वेगळं नाव नाही. मागे जे उरलंय ते पाहून ठरतं: हातपाय, वाचा, दृष्टी, की मानसिक. म्हणजे जो शिक्का चुकीचा म्हणून आम्ही वर्षभर भांडलो, त्याच रकान्यात शेवटी अर्ज करावा लागू शकतो. करा. त्या रकान्याने सवलत मिळते, उपचार त्यावरून ठरत नाहीत. सरकारी नोकरी असेल तर याच कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कामावरून काढता किंवा पद खाली आणता येत नाही. झेपणारं दुसरं काम द्यायचं असतं. साहेबाला हे तोंडी सांगू नका, अर्ज द्या आणि पोचेची सही घ्या.

सगळ्याच्या तीनतीन झेरॉक्स काढा. एक फाइल रुग्णालयाची, एक वकिलाची, आणि एक अशी की जी दादाच्या हाती लागणार नाही. पहिली फाइल त्याने रद्दीवाल्याला देऊन टाकली होती, आणि बदल्यात आलेल्या बारा रुपयांचा हिशेब मात्र अगदी चोख दिला.